शुभहस्तांवाचून अडलेलं दार

माझ्या वहिनीबद्दल चांगलं लिही असं मला कोणी सांगू नये. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज माझ्या छतातून गळतो आहे. छपराची गळती दुरुस्त होते, हिची होत नाही. गल्लीत तिला 'भोंगा' म्हणतात. हे नाव मी ठेवलं अशी तिची पक्की समजूत आहे. मी ठेवलेलं नाही, पण आधी सुचलं असतं तर नक्की ठेवलं असतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, टेलर. कोपऱ्यावरच्या दुकानात तो कापड कापायचा आणि वहिनी मागे बसून काज-बटणं करायची. भांडणंही तिच्याकडेच असत. दादाला तोंडावर 'नाही' म्हणता यायचं नाही. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, पँट उद्या मिळेल ना?" दादा म्हणे, "बघू." दादाचं 'बघू' म्हणजे स्वच्छ नकार. पण हे गिऱ्हाइकाला कसं कळावं? मग मागून भोंगा वाजायचा. "बघू नाही, पुढच्या आठवड्यात या! आणि पोट आत ओढून माप देऊ नका. मग पँट चढत नाही म्हणून आम्हाला बोल लावता!"

दादा स्वतः फार टापटिपीचा. दुकान बंद केल्यावरसुद्धा घरात इस्त्रीची पँट घालून बसायचा. तिच्या घडीवर पाव कापता येईल अशी इस्त्री. माणूस बोलायला मऊ असला तरी आपल्या पँटच्या बाबतीत भलताच मानी होता. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर त्याचं काम होतं, आणि रस्त्यात कोणी भेटला की तो आधी त्याच्या पँटकडे बघायचा आणि मग तोंडाकडे.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालवा, सपाट जागेवर, न चुकता. पाय एकदा आखडला की मग हातचा गेला म्हणून समजा. आणखी एक गोष्ट त्यांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितली. आता यांना लघवी धरवणार नाही. लागली की लागली.

आता सपाट जागा कुठून आणायची? आमची गल्ली म्हणजे नुसता उतार. फुटपाथ आहे म्हणावं तर त्यावर स्कूटरी, आणि स्कूटरी नाहीत तिथे गटाराची फुटकी झाकणं. धडधाकट माणूस तिथे पाय मुरगाळून घेतो. सपाट म्हणावी अशी एकच जागा होती, उताराच्या तळाशी असलेली पालिकेची बाग. ती मात्र पालिकेने सुशोभीकरणासाठी बंद ठेवलेली. बरी-वाईट कशीही असली तरी बाग उघडी होती, लोक सावलीत बसत होते. ते पालिकेला बघवलं नाही. कुंपणाला पत्रे ठोकले. आत झाडं तोडली आणि बाहेर पत्र्यांवर झाडांची चित्रं लावली.

शेवटी एकदाची बाग उघडली. तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका सकाळी चार फिती कापल्या गेल्या. कमानीची फीत नगराध्यक्षांनी कापली. कारंज्याची आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाने. व्यायामाच्या यंत्रांची विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने, म्हणजे त्यानेही ओरडायला नको. घसरगुंडी राहिली होती ती नगरसेवकाच्या बायकोच्या वाट्याला आली. प्रत्येक ठिकाणी संगमरवरी पाटी, तीवर 'यांच्या शुभहस्ते', आणि कापणाऱ्याचं नाव. कारंजं त्या दिवशी उडालं, आणि बहुधा दमलं, कारण पुन्हा काही उडालं नाही.

बागेच्या टोकाला नवं शौचालय बांधलं होतं. फरशी चकचकीत, पायरीऐवजी उतार, भिंतीला धरायला लोखंडी दांडी. दादासारख्यांसाठीच बांधल्यासारखं. वहिनी ते बघून हरखली. मला म्हणाली, "वन्सं, पालिकेला अक्कल आली बघा." मी म्हटलं, "वहिनी, दाराला कुलूप आहे." ती म्हणाली, "उघडतील हो. तुम्हाला मेलं सगळं वाकडंच दिसतं."

पहिले काही दिवस बरे गेले. सकाळी वहिनी दादाला धरून उतार उतरवायची, बागेत दोन फेऱ्या, बाकावर विसावा, परत. निघताना घरून सगळं आटपून निघायचं. फेऱ्या तेवढ्यात बसवायच्या. दादाचा पाय हळूहळू उचलायला लागला होता. एकदा तर तो माळ्याशी थांबून बोलला आणि त्याच्या पँटच्या उसवलेल्या शिवणीकडे बोट दाखवून हसला. मला वाटलं, भाऊ परत आला.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. मीही बरोबर होते. कारंज्यापाशी दादा थबकला आणि त्याने वहिनीची बाही घट्ट धरली. तिला कळलं. ती शौचालयाच्या दाराकडे धावली आणि मुठीने धडाधडा दार ठोकायला लागली. दाराशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर रखवालदार बसला होता.

"अहो, दार उघडा! माणसाला घाई आहे!"

"नाही उघडता येणार, बाई. उद्घाटन व्हायचंय."

"कशाचं उद्घाटन? लघवीचं?"

"ते साहेबांना विचारा. मला ऑर्डर नाही."

चावी त्याच्या खिशात होती. त्याचा स्वतःचा जेवणाचा डबा आतल्या बेसिनवर ठेवलेला असायचा, हे मला नंतर कळलं. सोहळ्याची लाल सतरंजी आणि उरलेल्या फितीचं रीळही आतच होतं. माणसाला मात्र मज्जाव.

मी वळून बघितलं तर दादा जिथल्या तिथे उभा होता. करड्या पँटचा रंग एका बाजूने गडद होत खाली उतरत होता. पळणारे, चालणारे, बाकांवरचे असे पंधरा-वीस लोक तरी होते. एका बाईने आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. एका माणसाने स्वतःचंही वळवलं नाही. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्यानंतर वहिनीने जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. ती दाराकडून धावत आली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि सगळी दादाच्या मांडीवर उपडी केली. वर गळा काढला, "अगं बाई! बाटलीच सांडली की हो सगळी! सगळी पँट भिजवली मी मेलीने!" तो भोंगा बागेच्या चारी कोपऱ्यांत ऐकू गेला. लोक हसले, पण वहिनीच्या वेंधळेपणाला हसले. ज्यांना शंका होती त्यांचीही शंका त्या आवाजाखाली दबून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड वाटला.

घरी आल्यावर दादाने पँट बदलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी वहिनी बूट घेऊन उभी राहिली तर म्हणाला, "नको." तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने भुणभुण लावली, पाय जाईल, पडून राहाल, माझ्या एकटीच्याने उचलवणार नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली. शेवटी तो म्हणाला, "संडास उघडला की बघू."

आता बघा. जन्मभर ज्या बाईने या माणसाचं 'बघू' गिऱ्हाइकांना उलगडून सांगितलं, तिने हे 'बघू' मात्र होकार म्हणून घेतलं! ती जिना उतरून माझ्याकडे आली, डोळ्यांत चमक. "वन्सं, दार उघडलं की येतो म्हणालेत." मलाही तेच ऐकायचं होतं.

मग सुरू झालं आमचं पालिकेचं दळण. उद्यान अधीक्षक म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलावर काचेखाली बागेचा रंगीत नकाशा, आणि खिडकीतल्या कुंडीत वाळलेलं रोप. बागांची देखभाल यांच्याकडे! त्यांनी फार शांतपणे समजावून सांगितलं.

"काम पूर्ण आहे, बाई. फक्त लोकार्पण बाकी आहे. लोकार्पण झालं की सफाईचा ठेका सुरू होतो. ठेका सुरू झाला की दार उघडतं."

"मग करा की लोकार्पण."

"मान्यवर मिळायला हवेत ना."

"त्या दिवशी तर चार-चार होते!"

अधीक्षकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाले, "बाई, असं बघा. कारंज्यासमोर फोटो काढायला सगळे येतात. या कामाला कोणी नाव द्यायला तयार नाही. पाटीसुद्धा तयार आहे. नावाची जागा तेवढी कोरी सोडलीय."

आणि खरंच तसं होतं. येताना आम्ही दोघींनी बघितलं. शौचालयाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी, वर पालिकेचं नाव, खाली 'यांच्या शुभहस्ते', आणि मध्ये हातभर कोरा दगड. एवढ्या मोठ्या पालिकेत मुतारीला लावायला एक शुभ हात मिळेना! वहिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि अधीक्षकांच्या टेबलावर आपले दोन्ही पंजे उताणे ठेवले. "शुभहस्त मिळत नसतील तर हे अशुभ चालतील का? कात्री मी घरून आणते." अधीक्षक म्हणाले, "बघू."

ती रोज जायची. शिपाई तिला लांबून बघून साहेब बाहेर गेलेत म्हणायचा, आणि साहेब आत शिंकायचे. नगरसेवकाच्या घरी गेली तर तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावना पोचल्या." भावना पोचतात, माणूस पोचत नाही. इकडे दादा खिडकीशी बसून असायचा. डॉक्टर येऊन गेले, पाय हलवून बघितला आणि चष्मा पुसत बसले. त्या रात्री मला छतातून वहिनीचा आवाज आला नाही. ती रडत असावी. मला तिची दया आली नाही, दादाची आली. आणि पालिकेचा असा संताप आला की तो नकाशा काचेसकट फोडावा.

पालिकेच्या महिन्याच्या सभेत शेवटी अर्धा तास नागरिकांच्या प्रश्नांसाठी ठेवलेला असतो. वहिनीने तिथे नाव नोंदवलं. निघताना मी तिला जिन्यात अडवलं.

"वहिनी, दादाचं नाव घ्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसांची अडचण होते, एवढंच बोला."

"मला काय कळत नाही होय? नाही घेत."

सभागृहात वर पंखे, खाली खुर्च्या, पुढे मंचावर सगळे मान्यवर. वहिनीची पाळी आली. माईकची तिला गरज नव्हती, पण दिला. सुरुवात तिने चांगली केली. बाग उघडली, आभार, पण शौचालय बंद, म्हाताऱ्यांनी जायचं कुठे, बायकांनी जायचं कुठे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नगरसेवक उठला. हसून म्हणाला, "ताईंचा मुद्दा रास्त आहे. पण बाग सुरू होऊन इतके दिवस झाले, आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही. कोणाची प्रत्यक्ष गैरसोय झाली असेल तर एक तरी उदाहरण द्या. उगाच हवेत बोलू नये."

तिच्या रोजच्या खेपा, आणि हा म्हणतो एकही तक्रार नाही! मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ ताठ झालेली मला दिसली. मी मनात म्हटलं, गप्प बस, बाई, गप्प बस.

"उदाहरण?" भोंगा वाजला. "उदाहरण माझा नवरा! टेलरमास्तर! तुमच्या अंगावर आत्ता जी पँट आहे ना, ती त्याने शिवलेली! दर निवडणुकीला तिची कंबर वाढवून दिलीय त्याने! तो माणूस तुमच्या कुलपासमोर उभ्या-उभ्या पँटमध्ये मुतला! ऐकलंत? लोक बघत होते! मी अंगावर बाटली ओतून सांगितलं पाणी सांडलं म्हणून! पाणी नव्हतं ते! त्या दिवसापासून माणूस घराबाहेर पडला नाही, पाय वाळत चाललाय त्याचा! पाहिजे अजून उदाहरण?"

कंबरेच्या गोष्टीला लोक खदखदून हसले होते. ते हसू मध्येच तुटलं. नगराध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "उद्याच उघडा." मागच्या रांगेत दोन-तीन मोबाइल वर धरलेले मला दिसले. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, आणि वहिनी माझ्याकडे वळून हसत होती. जिंकलो, असं ते हसू. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो आवाज गावातल्या प्रत्येक खिशात पोचला. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात पहिल्या पानावर, 'टेलरमास्तरांच्या पँटने पालिकेला जाग'. पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला विचारायला लागले, "मास्तर कसे आहेत?" सगळ्यांच्या आवाजात कणव, आणि डोळ्यांत ती करडी पँट. आणि आता मान्यवरांची रीघ लागली. ज्या दाराला इतके दिवस कोणी हात लावत नव्हतं, तिथे टेलरमास्तरांमुळे चार माणसं जमणार म्हटल्यावर सगळ्यांचे हात शुभ झाले. शेवटी नगरसेवकाने डोकं लढवलं. म्हणाला, "मास्तरांच्याच हस्ते उद्घाटन करू. मी बाजूला उभा राहीन."

वहिनी ही बातमी घेऊन वर धावली. एका दुपारीत पाटी कोरून तयार झाली होती. तिच्या मते हा सन्मान होता. तिने करडी पँट काढली, तीच करडी, आणि इस्त्री करायला घेतली. मीही वरच होते. खाली नगरसेवकाची माणसं खुर्ची घेऊन आली होती, मास्तरांना उचलून न्यायला.

"उठा हो," ती म्हणाली. "दार उघडलं. पाटीवर तुमचं नाव आहे. दगडात!"

दादाने तिच्याकडे बघितलं. झटक्यापासून त्याला एकेक शब्द शोधून काढावा लागतो. तो शोधत होता आणि इस्त्री तापत होती.

"तू पाणी ओतलंस," तो म्हणाला. "मला वाटलं, झाकलंस. मला वाटलं, ही आहे तोवर भीती नाही."

"अहो, पण त्याशिवाय त्यांनी उघडलं नसतं..."

"वीस माणसांनी बघितलं होतं. त्यांनाही खात्री नव्हती." त्याने श्वास घेतला. "गावाला तू सांगितलंस. आणि आता दगडात."

पँटवर इस्त्री तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला, तेव्हा मीच ती उचलली. खालून हाका येत होत्या, "मास्तर तयार झाले का?" मी खिडकीतून ओरडले, "मास्तर येणार नाहीत. चालते व्हा!" माझा आवाजही काही लहान नाही हे त्या दिवशी गल्लीला कळलं.

ते चालते झाले, आणि थेट बागेत गेले. फीत नगरसेवकानेच कापली. पाटीवरचं नाव मात्र कोरलेलं होतं, ते तसंच राहिलं. मी आठवड्याने अधीक्षकांकडे गेले आणि म्हटलं, ती पाटी काढा. त्यांनी सांगितलं, पाटी आता सार्वजनिक मालमत्ता आहे, काढायची तर सभेत ठराव मांडावा लागेल, चर्चा होईल, नागरिकांना बोलता येईल. मी उठून आले. पुन्हा त्या सभेत दादाच्या नावाची चर्चा कोण करील?

शौचालय छान चालू आहे. स्वच्छ असतं, पाणी असतं. म्हाताऱ्या बायका बागेत जास्त वेळ बसायला लागल्या आहेत आणि माझ्या वहिनीला रस्त्यात थांबवून दुवा देतात. ती मान हलवते आणि पुढे जाते. गल्लीत कोणी म्हणतं, भोंगा बिघडला वाटतं. मी त्यांना काय सांगू?

परवा डॉक्टर आले होते. दादाचा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक दिसतो आता. डॉक्टरांनी चादर पुन्हा पायावर ओढली आणि जरा रागानेच म्हणाले, "बाग उघडी आहे, सगळी सोय झालीय, मग फिरायला का नेत नाही तुम्ही? अडचण काय आहे?"

डॉक्टर वहिनीकडे बघत होते. तिने दादाकडे बघितलं.

"काही अडचण नाही," दादा म्हणाला.

"मग उद्यापासून जाणार ना?"

"बघू."

डॉक्टरांनी समाधानाने बॅग बंद केली. वहिनी मुकाट्याने त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.